विश्वस्ताचे आसन
(महाजन-कुटुंबांच्या वार्षिक मेळाव्यात वाचलेल्या भाषणाची संहिता)



गर्भागारात देवतेपुढे जी समई तेवत असते, ती कोणाच्या मालकीची, असा प्रश्न एखाद्या लहान मुलाने विचारला तर त्याला काय उत्तर द्यावे? समईच्या बैठकीवर देणाऱ्या यजमानाचे नाव कोरलेले असते. तेल सर्व कुळाव्यांच्या वर्गणीतून येते. वात पुजारी लावतो आणि तेलाचा हिशेब खजिनदार वहीत मांडतो. तरीही समई यांपैकी कोणाचीच नसते. ती देवाची असते. बाकीचे सर्वजण तिचे राखणदार होत.

गोमंतकातील महाजनांना हा विचार नव्याने शिकवावा लागत नाही. १९३३ साली पोर्तुगीज राजवटीने महाजनीसंबंधी जो विनियम केला, त्याने या राखणदारीला कायद्याची चौकट दिली. महाजनांनी दर तीन वर्षांनी आपल्यातून अध्यक्ष, सचिव, खजिनदार व मुखत्यार निवडावेत, त्यांनी अंदाजपत्रक व हिशेब सादर करावेत आणि मामलेदाराने प्रशासक या नात्याने त्यावर देखरेख ठेवावी, अशी ती व्यवस्था. राजवट गेली, परंतु व्यवस्था मागे राहिली. तिच्यात त्रुटी आहेत, भांडणेही पुष्कळ होतात, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. पण एक गोष्ट तिने पक्की बसविली: समितीवर निवडून आलेला मनुष्य तीन वर्षांपुरता किल्ल्या बाळगतो, पेटी त्याची होत नाही.

आजचा विषय वरवर पाहता देवालयाबाहेरचा आहे. सरकारी पैशावर, म्हणजे लोकांच्या करावर चालणाऱ्या वस्तुसंग्रहालयाचा कारभार कोणी पाहावा, त्याचे विश्वस्त कोणी नेमावेत आणि कोणास नेमावे, हा तो विषय होय. परंतु थोडा विचार केला तर ध्यानी येईल की, प्रश्न समईचाच आहे. भारतीय कायदा देवतेला व्यक्ती मानतो. मात्र ती व्यक्ती बोलत नाही, म्हणून तिच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. संग्रहालयाच्या बाबतीत त्या देवतेच्या जागी जनता असते. कोट्यवधी लोकांची जनता सभेला येऊन बसत नाही, मत देत नाही, हिशेब तपासीत नाही. तिच्या वतीने दहा-पंधरा माणसे बसतात. ती कशी निवडली जातात, यावर त्या ठेव्याचे भवितव्य अवलंबून असते.

या विषयाचे एक उत्तम उदाहरण हैदराबादेत आहे. ते म्हणजे मुसी नदीच्या दक्षिण काठावरील सालारजंग वस्तुसंग्रहालय. निजामाच्या राज्यात दिवाणगिरी भोगलेल्या सालारजंग घराण्यातील तिसरे नवाब मीर यूसुफ अली खान यांचा जन्म १८८९ साली पुण्यास झाला. १९१२ मध्ये ते हैदराबाद संस्थानचे दिवाण झाले आणि दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, त्या पदावरून दूर झाले. त्यानंतरचे सारे आयुष्य आणि संपत्ती त्यांनी एका छंदात घातली. चिनी मातीची भांडी, इराणी गालिचे, मोगल काळातील जडावाची शस्त्रे, अरबी-फारसी हस्तलिखिते, युरोपातील चित्रे व घड्याळे, जे जे सुंदर वाटले ते त्यांनी विकत घेतले. इटालियन शिल्पकार बेन्झोनी याने संगमरवरात कोरलेली बुरख्यातील रिबेका त्यांच्या घराण्यात आधीच आली होती. १८७६ साली पहिल्या सालारजंगांनी ती मिळविली होती. आज त्या संग्रहालयात सुमारे ४६,००० कलावस्तू, ८,००० हून अधिक हस्तलिखिते आणि ६०,००० हून अधिक छापील ग्रंथ आहेत. एका माणसाच्या हौसेतून एवढा संग्रह उभा राहिल्याची उदाहरणे जगात थोडीच सापडतील.

२ मार्च १९४९ रोजी नवाबसाहेब वारले. ते अविवाहित होते. मागे ना पत्नी ना मुले. होते ते नातेवाईक आणि त्यांचे दावे. आपल्याकडील एखाद्या मोठ्या घराण्याचा कर्ता पुरुष निपुत्रिक गेला म्हणजे जे होते, तेच तेथे होण्याचे भय होते: वाटणी, खटला, लिलाव, आणि शेवटी एकेक वस्तू एकेका व्यापाऱ्याच्या दुकानात. हे टळावे म्हणून सरकारने मालमत्तेसाठी एक समिती नेमली. हैदराबादचे तत्कालीन मुख्य मुलकी प्रशासक वेल्लोडी यांच्या मनात संग्रहालयाची कल्पना आली, वस्तूंची मांडणी करण्याचे काम जेम्स कझिन्स या कलामर्मज्ञाकडे सोपविण्यात आले आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी दिवाण देवडी या नवाबांच्याच वाड्यात पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते संग्रहालय खुले झाले. १९५८ साली उच्च न्यायालयामार्फत वारसांशी तडजोड होऊन संग्रह भारत सरकारकडे आला. १९६१ साली संसदेने सालारजंग संग्रहालय कायदा संमत करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून जाहीर केले, आणि १९६८ मध्ये संग्रह आजच्या वास्तूत हलविण्यात आला.

आता महत्त्वाचा मुद्दा. संग्रह सरकारकडे आला खरा. पण सरकारने तो एखाद्या खात्याच्या कपाटात ठेवला नाही. संसदेने एक मंडळ निर्माण केले, त्याला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व दिले आणि कारभार त्या मंडळाच्या हाती सोपविला. हे मंडळ अकरा जणांचे. अध्यक्षपदी राज्यपाल, पूर्वी संयुक्त आंध्र प्रदेशाचे, तर २०१४ मध्ये राज्याचे विभाजन झाल्यापासून तेलंगणाचे. त्यांच्या जोडीस केंद्रीय मंत्रालयाचा एक प्रतिनिधी, हैदराबादचे महापौर, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि महालेखापाल. केंद्र सरकारने नेमावयाचे चौघे आणि राज्य सरकारने नेमावयाचे दोघे. केंद्राने नेमावयाच्या चौघांपैकी एक जण मात्र दिवंगत नवाब सालारजंगांच्या कुटुंबातील असलाच पाहिजे, असे कायदा म्हणतो.

ही यादी वाचताना रूक्ष वाटते. पण प्रत्येक आसनामागे एक विचार आहे. राज्यपाल हे पदाने सर्वांच्या वर आहेत, म्हणून त्यांच्या अध्यक्षतेखाली दोन खात्यांचा तंटा मिटू शकतो. संग्रहालय ज्या शहरात आहे, त्या शहराच्या वतीने महापौर बसतात. विद्येच्या वतीने कुलगुरू बसतात. पैशाच्या वतीने महालेखापाल बसतात. कारण लोकांचा पैसा जेथे खर्च होतो तेथे त्याच्या हिशेबावर नजर ठेवणारा मनुष्य पहिल्या दिवसापासून असावा. आणि ज्या घराने हा ठेवा जमविला, त्या घराच्या वतीने कुटुंबातील एक जण बसतो. त्याच्यापाशी मतांचे बहुमत नाही, पैसा नाही, अधिकारही नाही. परंतु देणाऱ्याचा हेतू काय होता, याची आठवण करून देणारा एक आवाज त्या खोलीत कायम राहतो.

या आसनाची परंपरा जुनी आहे. लंडनचे ब्रिटिश म्युझियम १७५३ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाले, ते सर हॅन्स स्लोन या वैद्याच्या संग्रहातून. त्या कायद्याने कँटरबरीचे आर्चबिशप, लॉर्ड चॅन्सेलर व लोकसभेचे सभापती या तिघांना प्रमुख विश्वस्त केले, आणि ज्यांचे संग्रह आले त्या स्लोन, कॉटन व हार्ले या घराण्यांनाही विश्वस्तांच्या जागा दिल्या. घराण्यांच्या या जागा दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकल्या. १९६३ च्या कायद्याने त्या रद्द झाल्या आणि पंचवीस विश्वस्तांची नवी रचना आली: एक राणीने नेमलेला, पंधरा पंतप्रधानांनी, चार विद्वत्संस्थांच्या शिफारशीवरून, आणि उरलेले पाच स्वतः विश्वस्तांनीच निवडावयाचे. यातील मर्म असे की, बहुमत नेमण्याचा अधिकार सरकारला असला तरी सर्व जागा सरकारच्या हाती नाहीत. काही जागा विद्वानांना विचारून भराव्या लागतात, काही तर सरकारला भरताच येत नाहीत.

आपल्या लोकांना जवळचे असे आणखी एक उदाहरण मुंबईच्या भायखळ्याचे आहे. गोमंतकातील मांद्रे येथे जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ज्याच्या उभारणीसाठी अपार श्रम घेतले, ते संग्रहालय १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने खुले झाले आणि १९७५ मध्ये त्याला डॉक्टरांचे नाव मिळाले. इमारत महापालिकेची. काळाच्या ओघात तिला अवकळा आली. तेव्हा २००३ साली महापालिका, इन्टॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. जीर्णोद्धार होऊन २००८ मध्ये ती वास्तू पुन्हा उघडली आणि तिला पूर्वीचे तेज आले. मालकी महापालिकेचीच राहिली. कारभारात मात्र जाणकारांना व दात्यांना वाटा मिळाला. मालकाने किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली म्हणून त्याची मालकी जात नाही, उलट घर नांदते राहते, हा धडा त्यातून मिळतो.

तर मग विश्वस्तमंडळे का बिघडतात? बिघाडाच्या तऱ्हा महाजनांना अनोळखी नाहीत. पहिली तऱ्हा रिकाम्या आसनाची. मुदत संपते, नवी नेमणूक होत नाही, सभेला गणसंख्या भरत नाही, आणि मग मंडळाने घ्यावयाचे निर्णय एखादा अधिकारी आपल्या टेबलावर उरकू लागतो. दुसरी तऱ्हा शोभेच्या आसनाची. मोठ्या पदावरील मनुष्य विश्वस्त होतो, त्याचे नाव संगमरवरी पाटीवर लागते, पण त्याच्या मागे शंभर व्यवधाने असतात. वर्षातून एकदा हार घालून घेण्यास तो येतो आणि कागदावर सही करून जातो. तिसरी तऱ्हा उपकाराच्या आसनाची. निवडणुकीत ज्याने साहाय्य केले किंवा ज्याला दुसरे काही देता आले नाही, त्याची सोय म्हणून त्याला मंडळावर बसवावयाचे. असा विश्वस्त नेमणाऱ्याशी एकनिष्ठ राहतो, ठेव्याशी नव्हे.

पदसिद्ध आसने या तिसऱ्या रोगावर औषध होत. कुलगुरूला त्या जागेवर कोणी मर्जीने बसविलेले नसते आणि मतभेद झाला म्हणून तेवढ्यापुरते कोणी उठवूही शकत नाही. परंतु तेच औषध दुसऱ्या रोगाला जन्म देते, कारण पदसिद्ध मनुष्यापाशी वेळ नसतो. नेमलेल्या मनुष्यापाशी वेळ असतो, पण स्वातंत्र्य कमी. म्हणून शहाणा कायदा दोहोंची सांगड घालतो. सालारजंगच्या कायद्यात पाच पदसिद्ध वा खात्याचे आणि सहा नेमलेले, अशी जी विभागणी दिसते, ती याच सांगडीचा एक प्रयत्न होय.

येथवर देणाऱ्याचा विचार झाला, पैसा पुरविणाऱ्या जनतेचाही झाला. आता तिसऱ्या हक्कदाराकडे वळले पाहिजे, ज्याचे आसन या जुन्या कायद्यांत कोठेच आढळत नाही. त्यासाठी हैदराबादेहून उत्तरेस सुमारे तीनशे किलोमीटरांवर, पैनगंगेच्या काठावरील आदिलाबादेकडे जावे लागेल.

आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व राज्यात होता. नदीच्या पलीकडे यवतमाळ, शेजारी नांदेड. मराठीचा वावर त्या भागात इतका जुना की, गोंड मुलांसाठी १९४० च्या दशकात पहिल्या शाळा निघाल्या, तेव्हा गोंडी भाषेची क्रमिक पुस्तके देवनागरीतच लिहिली गेली. २०१६ साली या जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, मंचिर्याल, निर्मल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार भाग झाले. तरी गोंड, कोलाम, परधान, नायकपोड, तोटी या समाजांची वस्ती जिल्ह्यांच्या नव्या सीमा ओळखत नाही.

या गोंड समाजातील प्रत्येक कुळाचा एक मोठा देव असतो, त्याला पेर्सा पेन म्हणतात. या देवाला मूर्ती नसते. चवरी, लोखंडी भाल्याचे पाते, घंटा अशी त्याची चिन्हे असतात. ती कुळाचा पुजारी, म्हणजे कटोडा, सांभाळतो, आणि ठरलेल्या सणाशिवाय कोणाच्या दृष्टीस पडू देत नाही. परधान त्यांचे भाट. किकरी नावाचे तंतुवाद्य वाजवून कुळाची कथा तेच गातात. दिवाळीच्या सुमारास दंडारी निघते आणि मोरपिसांचे भव्य मुकुट घालून गुसाडी नाचतात. ते मुकुट नटाच्या टोपासारखे नव्हेत, त्यांची पूजा होते.

इंद्रवेल्लीजवळ केसलापूर येथे नागोबाचे देवस्थान आहे. मेश्राम कुळाचा तो देव. पौष अमावास्येला तेथे यात्रा भरते. तत्पूर्वी मेश्राम मंडळी पायी चालत जाऊन गोदावरीचे पाणी झारीत भरून आणतात आणि त्या पाण्यानेच देवाची पूजा होते. कोणाकडे कोणता मान, कोणाच्या हाती झारी, नव्या सुनांची देवाशी भेट कशी घडवावयाची, हे सारे कुळाच्या रीतीने ठरलेले असते. २०२२ च्या डिसेंबरात तेथे नव्या दगडी देवळात देवाची पुनःस्थापना झाली. त्या देवळासाठी मेश्राम कुळाने आपसांत वर्गणी गोळा केली होती. गोमंतकातील महाजनाला हे वर्णन ऐकताना आपल्याच कुळाव्यांची, पालखीच्या मानाची आणि जीर्णोद्धाराच्या पावती-पुस्तकाची आठवण व्हावी, यात नवल नाही. शब्द निराळे असतील. पण तेही महाजनच होत.

याच प्रदेशात जोडेघाट नावाची वस्ती आहे. रानावरील हक्कांसाठी निजामाच्या सत्तेशी झुंजणारे कोमरम भीम १९४० साली तेथे धारातीर्थी पडले. त्या उठावाची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञास पाठविले. ते मारलवाई या गोंड खेड्यात राहिले, तेथे त्यांनी शिक्षकांसाठी शाळा काढली, आणि केसलापूरच्या यात्रेत अधिकाऱ्यांनी आदिवासींची गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबारही त्यांच्याच प्रयत्नाने सुरू झाला. जोडेघाटास आता सरकारी पैशातून कोमरम भीमांचे स्मारक आणि आदिवासी संग्रहालय उभे आहे. ते २०१६ साली खुले झाले. लोकांच्या पैशाचा याहून उचित विनियोग क्वचितच होत असेल.

पण येथेच तो प्रश्न उभा राहतो. नवाबाने चिनी भांडे बाजारातून विकत घेतले होते. ते काचेच्या कपाटात ठेवल्याने त्या भांड्याची विटंबना होत नाही, कोणाच्या धर्मालाही बाध येत नाही. गुसाडीचा मुकुट, परधानाची किकरी, एखाद्या कुळदेवाची चवरी यांची गोष्ट तशी नव्हे. ज्यांच्या त्या वस्तू आहेत ते लोक जिवंत आहेत आणि त्या वस्तूंचे आचारही जिवंत आहेत. कोणती वस्तू सर्वांस दाखवावी, कोणती केवळ जतन करावी, कोणती यात्रेच्या दिवशी परत न्यावयास द्यावी आणि कोणती मुळातच संग्रहालयात आणू नये, याचे उत्तर महालेखापालाच्या नियमावलीत नाही, कुलगुरूच्या ग्रंथालयातही नाही. ते कटोड्यापाशी आहे, परधानापाशी आहे, कुळातील वृद्ध स्त्रियांपाशी आहे. आपल्या देवालयातील पंचधातूची उत्सवमूर्ती उद्या कोणी संग्रहालयात नेली आणि तिच्याविषयीच्या मंडळावर एकही महाजन बसविला नाही, तर येथील सभागृहात किती वेळ शांतता राहील?

जगात या प्रश्नाचे उत्तर कोणी शोधलेच नाही असे नाही. अमेरिकेच्या संसदेने १९८९ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेअंतर्गत तेथील मूळ रहिवाशांचे राष्ट्रीय संग्रहालय स्थापन केले. तो संग्रहही एका धनिकाच्या छंदातूनच जमला होता. न्यूयॉर्कच्या जॉर्ज हाय यांनी तो आयुष्यभर जमविला. परंतु कायद्याने तेथील विश्वस्तमंडळावर केवळ दात्याचे वा सरकारचे लोक बसविले नाहीत. नेमावयाच्या तेवीस विश्वस्तांपैकी पहिल्या मंडळात किमान सात आणि पुढील मंडळांत किमान बारा मूळ रहिवासी असलेच पाहिजेत, असे त्यात लिहिले. बारा म्हणजे तेविसांतले बहुमत. ज्यांच्या वस्तू, त्यांचे मत निर्णायक ठरावे, हे तत्त्व कायद्याच्या कलमात आकड्यानिशी उतरले. पुढल्याच वर्षी, १९९० मध्ये, पूज्य वस्तू व पूर्वजांचे अवशेष परत करण्यासंबंधी दुसरा कायदा झाला. त्याच्या सात जणांच्या समितीवरील तीन जागा मूळ रहिवाशांच्या शिफारशीने भरावयाच्या असतात, आणि त्यांतील किमान दोन पारंपरिक धर्मप्रमुखांच्या असतात.

आदिलाबादच्या ठेव्यालाही अशी चौकट मिळावी. जोडेघाटच्या संग्रहालयामागे सालारजंगप्रमाणे संसदेचा स्वतंत्र कायदा नाही. म्हणूनच त्याची घडी बसविताना विचार करण्यास अवसर आहे. एकदा रीत पडली म्हणजे ती बदलणे किती कठीण, हे देवस्थानांच्या कज्ज्यांनी पुरेसे दाखविले आहे. सालारजंगच्या कायद्याने नवाबांच्या कुटुंबासाठी एक आसन राखले. तोच न्याय लावला तर ज्या समाजांच्या हातांनी, श्रद्धेने आणि रक्ताने हा दुसरा ठेवा घडला, त्यांना एकाहून अधिक आसने मिळणे हे औदार्य नव्हे, ऋणफेड होय.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, पैसा सरकारचा, तेव्हा अधिकारही सरकारचाच असावा. याचे उत्तर संसदेनेच १९६१ साली दिले आहे. पैसा सरकारचा असूनही तिने कारभार मंडळाकडे दिला. हिशेब कडक घ्यावा, वार्षिक अहवाल मागावा, लेखापरीक्षण करावे. परंतु कोणती वस्तू कोठे मांडावी याचा हुकूम सचिवालयातून निघू नये.

दुसरा आक्षेप असा की, समाजाच्या नावाने एखाद्या पक्षाचाच मनुष्य येऊन बसेल. हे भय खरे आहे, आणि म्हणून नेमणुकीची रीत महत्त्वाची ठरते. सरकारने आपल्या पसंतीचा गोंड शोधून काढणे निराळे, आणि समाजाच्या सभेने सुचविलेल्या नावांतून सरकारने एक नेमणे निराळे. केसलापूरच्या यात्रेत अनेक कुळांची माणसे एकत्र येतात. नावे सुचविण्यास त्याहून उघडी सभा कोणती? मुदत ठरलेली असावी, एकाच माणसास लागोपाठ अनेक वेळा बसू देऊ नये, आणि जागा रिकामी झाली तर ती अमुक महिन्यांच्या आत भरलीच पाहिजे असे बंधन असावे. नेमणाऱ्याचा हक्क नेमणुकीच्या सहीपाशी संपावा. त्यानंतर विश्वस्त मोकळा असावा.

तिसरा आक्षेप असा की, आदिवासी म्हणजे एक समाज नव्हे. गोंडांच्या आसनावरून कोलामांचे बोलणे कोणी करावे? परधानांच्या कथा गोंडांनी सांगितल्या तर चालतील काय? ओतकामाच्या मूर्ती घडविणारे ओझा तर याहून निराळे. त्यांच्या डोकरा कलेला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, पण मंडळावर कारागीर कोण बसवितो? याचे उत्तर सोपे नाही. आपल्या देवस्थानांतही कोणाला महाजन मानावे आणि कोणाला केवळ भाविक, यावरून पिढ्यान्‌पिढ्या खटले चालले. एवढे मात्र म्हणता येईल की, आसने पाळीपाळीने फिरती ठेवता येतात, आणि भांडण जरी झाले तरी ते खोलीच्या आत, ज्यांचा हक्क आहे त्यांच्यात होते. खोलीच्या बाहेर ठेवलेल्या माणसाला भांडण्याचीही जागा नसते.

आता विश्वस्ताच्या अंगच्या गुणांविषयी थोडे. तो विद्वान असावाच असे नाही, धनिक असावा असेही नाही. पण त्याने सभेला आले पाहिजे. सभेपूर्वी कागद वाचले पाहिजेत. दागिन्यांच्या पेटीची किल्ली एकट्याच्या कनवटीस असू नये, ही सावधगिरी घराघरांतील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. तीच त्याने संग्रहाच्या बाबतीत पाळली पाहिजे. वर्षातून एकदा वस्तुयादी हाती घेऊन दालनातून फिरावे, दहा-वीस वस्तू कोणत्याही निवडाव्यात आणि त्या जागेवर आहेत की नाहीत हे स्वतः पाहावे. आपला भाचा कंत्राटदार असेल तर त्या ठरावाच्या वेळी उठून बाहेर जावे आणि तसे कार्यवृत्तात नोंदवावे. घरच्या लग्नासाठी संग्रहालयातील गालिचा मागू नये. ज्या विश्वस्ताला या साध्या गोष्टी जड वाटतात, त्याला मोठे निर्णय झेपणार नाहीत.

आणि सर्वांत अवघड गुण म्हणजे, ज्याने आपणांस नेमले त्याला प्रसंगी ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य. राज्यपाल, मंत्री, महापौर येतात आणि जातात. नवाब गेले, निजामाचे राज्य गेले, पोर्तुगीज राजवटही गेली. रिबेकेच्या मुखावरील संगमरवरी बुरखा आहे तसाच आहे, केसलापूरची झारी दर पौषात गोदावरीकडे जाते आणि आपल्या देवालयातील समई तेवत आहे. हे सारे ज्यांच्यामुळे टिकले, त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. आपल्या पाळीत त्यांनी तेल घातले, काजळी काढली आणि पुढच्याच्या हाती किल्ल्या सोपविल्या.

या मेळाव्यातही लौकरच नव्या समितीची निवड व्हावयाची आहे. मत देताना महाजनांनी एवढेच मनाशी विचारावे: ज्याला आपण बसवितो, तो आपल्याला हवे ते करील म्हणून बसवितो, की ठेव्याला हवे ते करील म्हणून? आदिलाबादच्या रानातील मेश्राम कुळाने हा प्रश्न आपल्या रीतीने सोडविला आहे. सरकारी संग्रहालयांनी तो कायद्याने सोडवावा. महाजनांनी तो सोडविला पाहिजे आपल्या मताने.